चीनचा महाकालवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाकालव्याचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. चिनी नावं देवनागरीत लिहिताना उच्चारांची थोडी ओढाताण होते, तेवढी चालवून घ्या.

कालवा नेमका कुठून कुठे जातो?

उत्तरेला बीजिंग, दक्षिणेला हांगझोऊ. अंतर सुमारे १,७९४ किलोमीटर. मुंबई सेंट्रलला राजधानी पकडून नवी दिल्लीला उतरलात, तरी त्यापुढे आणखी चारशे किलोमीटर जायला हवं, एवढं. लुओयांगकडे वळणारे, सुई आणि तांग या राजघराण्यांच्या काळातले जुने फाटे आणि हांगझोऊहून निंगबोच्या समुद्राकडे जाणारा कालवा धरला, तर सगळं जाळं ३,२०० किलोमीटरच्या आसपास भरतं.

लांबीपेक्षा दिशा महत्त्वाची आहे. चीनच्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. कालवा मात्र उत्तर-दक्षिण जातो आणि हाय, पीत, ह्वाय, यांगत्से आणि च्यानथांग या पाच नद्यांना एका दोरीत ओवतो. त्याची सगळी हुशारी आणि सगळी दुखणी यातूनच निघतात.

एवढा मोठा कालवा म्हणजे लाखो एकर शेती भिजत असेल ना?

नाही. आपल्याकडे कालवा म्हटलं की धरण, पाटकरी आणि पाण्याची पाळी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हा घोटाळा होतो. हा कालवा नावा चालवण्यासाठी होता. दक्षिणेत भात पिकायचा आणि राजधानी व सीमेवरची फौज उत्तरेत. साऱ्याचं, म्हणजे करापोटी आलेलं, धान्य उत्तरेला पोचवायचं, हे त्याचं काम. मिंग घराण्याच्या काळात (१३६८ ते १६४४) दरवर्षीचा कोटा ४० लाख शी ठरला होता. शी हे आपल्या पायली-खंडीसारखं मापाचं एकक, शंभर लिटरच्या थोडं वर. त्यासाठी सुमारे १२ हजार नावा आणि १ लाख २० हजारांच्या घरात शिपाई राबत.

उलट काठच्या शेतकऱ्याला हे पाणी तोडून घेण्याचीच बंदी होती. शांडोंग प्रांतातले डोंगराळ झरे कालव्यासाठी राखून ठेवलेले असत. झऱ्याचं पाणी अडवलं किंवा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या नानवांगच्या तळ्याचा बांध फोडला, तर मिंग कायद्यानुसार म्होरक्याची रवानगी फौजेत व्हायची. उन्हाळ्यात पीक करपतंय आणि समोरून भरल्या पाण्यात राजाचं धान्य चाललंय, हे दृश्य शांडोंगच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पाहिलं. कालव्याचं कौतुक करताना ही बाजू सहसा गाळली जाते.

बांधला कोणी?

एकाने नाही, आणि एकदाही नाही. इ.स.पू. ४८६ मध्ये वू राज्याचा राजा फुचाय याने उत्तरेच्या छी राज्यावर चाल करून जाण्यासाठी यांगत्से आणि ह्वाय नद्यांच्या मध्ये चर खणला. तो हानगौ. आजच्या यांगझोऊ आणि ह्वायआन शहरांमधला कालवा म्हणजे त्याचाच वारस.

पुढे सुई घराण्याचा सम्राट यांग याने तुकडे जोडले. इ.स. ६०५ मध्ये लुओयांगपासून ह्वाय नदीपर्यंत, ६०८ मध्ये लुओयांगपासून आजच्या बीजिंगजवळ, आणि ६१० मध्ये यांगत्सेपासून हांगझोऊपर्यंत. तेव्हाचा आकार इंग्रजी व्ही आडवा ठेवल्यासारखा होता आणि त्याचं टोक लुओयांगला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला होतं. युआन, म्हणजे मंगोल घराण्याच्या काळात कुबलाई खानाने राजधानी बीजिंगला, म्हणजे तेव्हाच्या दादूला नेली. मग लुओयांगचा वळसा कशाला, म्हणून १२८३ ते १२९३ या काळात शांडोंगमधून सरळ वाट काढली. आज आपण नकाशावर पाहतो ती रेघ मुख्यतः ही.

सम्राट यांग खरंच एवढा वाईट होता का?

सुईंच्या इतिहासात नोंद आहे: ६०५ च्या कामाला दहा लाखांहून जास्त माणसं वेठीला धरली, ६०८ च्या कामाला पुन्हा तेवढीच. काम होताच सम्राट ड्रॅगनच्या आकाराच्या नावांचा ताफा घेऊन यांगझोऊला मजा करायला निघाला. त्यात कोरियावरच्या मोहिमा फसल्या, बंडं झाली आणि ६१८ मध्ये यांगझोऊतच त्याच्या माणसांनी त्याला संपवलं. त्याचं थडगं २०१३ मध्ये तिथेच सापडलं.

लोककथांनी त्यावर आणखी रंग चढवला. कालव्याच्या कामावरचा मा शूमौ नावाचा अधिकारी लहान मुलं खायचा म्हणे, आणि रडणाऱ्या पोराला गप्प करायला त्याचं नाव घेत. आपला बागुलबुवा निदान कुणाच्या नोकरीत तरी नव्हता.

तांग कवी फी रीश्यूने मात्र निराळा हिशेब मांडला. लोक म्हणतात सुई या कालव्यापायी बुडाले, पण आजही हजार मैल त्याच्याच लाटांवरून प्रवास होतो. त्या ड्रॅगननावांची चैन नसती, तर हा माणूस पूर आवरणाऱ्या पुराणपुरुष यू राजाच्या तोडीचा ठरला असता, असा त्या कवितेचा भाव. मला हा निवाडा पटतो. कालवा वाईट नव्हता, घाई वाईट होती. आणि फायदा खाल्ला पुढच्या घराण्यांनी.

वाटेत चढ आहे म्हणतात. मग पाणी चढ कसं चढलं?

चढलं नाही. चढाच्या माथ्यावर पाणी आणून सोडलं. माझ्या मते सगळ्या कालव्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

शांडोंगच्या पश्चिमेला जमीन उंचावते, कालव्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर येतो. तिथून पाणी दोन्हीकडे उतरून जाणार, म्हणजे माथा कोरडा. युआन इंजिनिअरांनी पाणी जिनिंगला आणून वाटलं, पण जिनिंग माथ्याच्या खाली. पाणी उत्तरेला जायला कां-कू करायचं, मोठ्या नावा अडकायच्या. शेवटी बहुतेक धान्य समुद्रमार्गे जाऊ लागलं.

१४११ मध्ये मिंग सम्राट योंगलच्या हुकुमावरून मंत्री सोंग ली दुरुस्तीला आला. त्याला वाट दाखवली बाय यिंग नावाच्या गावकऱ्याने. हा ना अधिकारी, ना शिकलेला इंजिनिअर. पण कुठल्या ओढ्याचं पाणी पावसाळ्यात कुठे जातं हे त्याला पाठ. त्याने सांगितलं की खरा माथा जिनिंगला नाही, नानवांगला आहे. मग वन नदीवर दायत्सुन गावाजवळ बंधारा घातला, नदी वळवली आणि एका लांब चरातून तिचं पाणी नेमकं नानवांगच्या माथ्यावर कालव्याला काटकोनात आणून भिडवलं. समोरचा काठ दगडाने बांधून काढला, म्हणजे धारेने तो खचू नये. तिथे पाणी दुभंगायचं. ‘सात भाग बादशहाकडे, तीन भाग दक्षिणेला’ अशी म्हण आजही त्या भागात आहे. प्रत्यक्षात वाटणी पक्की नव्हती. दोन्हीकडच्या दरवाजांची साखळी वरखाली करून, ज्या बाजूला नावा तुंबल्या असतील तिकडे पाणी जास्त सोडत. पावसाळ्याचं जादा पाणी शेजारच्या तळ्यांत साठवून ठेवत.

सोंग लीचं देऊळ बांधलं, आणि बाय यिंगचंही. सरकारी कामात गावकऱ्याला एवढं श्रेय मिळालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

जलपाश, म्हणजे लॉक, चिन्यांनी शोधला हे खरं का?

दोन दरवाजांचा लॉक, ज्यात नाव आत घेऊन पाणी वरखाली करतात, त्याची जगातली सगळ्यात जुनी नोंद याच कालव्यावरची आहे. साल ९८४. अधिकारी च्याव वेइयुए. जागा आजच्या ह्वायआनजवळ.

कारण गमतीचं आहे. त्याआधी कालव्यात आडवे मातीचे उतार असत. नाव रिकामी करायची, दोर बांधून उतारावरून वर ओढायची, पलीकडे सोडायची, पुन्हा भरायची. या ओढाताणीत नावांचे तळ फुटायचे. आणि माल उतरवला की धान्य पळवायचं, हा तर काठावरच्या टोळ्यांचा आणि फितूर कामगारांचा बांधलेला धंदा. च्यावने पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे बसवले, वर छप्पर घातलं. मागचा दरवाजा खाली सोडायचा, पाणी समपातळीला येऊ द्यायचं, पुढचा उचलायचा. नाव भरल्या मालासकट पुढे. चोरीला आळा घालायच्या खटपटीतून हे यंत्र जन्मलं. युरोपात ते चौदाव्या शतकात दिसतं.

बीजिंगपर्यंतचा शेवटचा टप्पा?

बीजिंगच्या पूर्वेला कालव्यावरचं बंदर थोंगझोऊ, तिथपासून राजधानीपर्यंत चढ आहे आणि जवळ पाणी नाही. ग्वो शौचिंग या खगोलशास्त्रज्ञ-इंजिनिअरने शहराच्या वायव्येला बायफू झरा शोधला. पण तो सरळ आणला असता तर मधल्या सखल नद्यांनी गिळला असता. म्हणून त्याने पाणी आधी उलट पश्चिमेला नेलं, डोंगराच्या कडेकडेने वळवलं आणि मग शहरात आणलं. थोंगझोऊपर्यंत दरवाजांची २४ ठाणी बसवली. काम सुरू होताना पंतप्रधानापासून खालच्या सगळ्यांनी हातात फावडी-टोपल्या घ्यायच्या, असा कुबलाईचा हुकूम होता. १२९३ मध्ये तो उत्तरेच्या राजधानीहून परतला, तेव्हा शहरातलं जिशुइथान तळं नावांनी इतकं भरलेलं की पाणी दिसेना. खूश होऊन त्याने कालव्याचं नाव ठेवलं थोंगह्वी.

बीजिंग ‘वाहत आलं’ असं चिनी लोक म्हणतात. धान्यच नाही, तर नैर्ऋत्येच्या जंगलातलं लाकूड आणि शांडोंगमधल्या लिनचिंगच्या भट्ट्यांतल्या विटाही पाण्याने आल्या. लिनचिंगच्या विटेवर भट्टी, साल आणि करणाऱ्याचं नाव उठवलेलं असे, म्हणजे वीट खराब निघाली तर कुणाला धरायचं हे पक्कं. उत्तरेकडे जाणाऱ्या धान्याच्या नावांवर या विटा सक्तीने लादत.

परदेशी प्रवाशांनी काही लिहून ठेवलंय का?

मार्को पोलोचं नाव सगळे घेतात. त्याने यांगत्सेकाठच्या एका बंदरात धान्य जमा होऊन खानाच्या शहराकडे पाण्याने जातं, असं लिहिलंय. पण मला जास्त आवडतो तो कोरियाचा अधिकारी चे बू. १४८८ मध्ये वडिलांच्या निधनाची बातमी कळून तो जेजू बेटावरून घरी निघाला, वादळात भरकटला आणि चीनच्या किनाऱ्याला लागला. आधी सगळ्यांनी त्याला जपानी समुद्री लुटारू समजून धरलं. खात्री पटल्यावर हांगझोऊहून कालव्याने बीजिंगला पाठवलं. सुमारे दीड महिन्याच्या त्या प्रवासात, सुतकातला हा माणूस ठाणी, पूल आणि दरवाजे एखाद्या तलाठ्याच्या चोखपणाने टिपत गेला. मिंग काळातल्या कालव्याचं इतकं जवळचं वर्णन क्वचितच मिळतं.

मग तो बंद का पडला?

पीत नदीमुळे, मुख्यतः. ११२८ मध्ये सुंग घराण्याच्या सेनापतीने शत्रूला अडवायला या नदीचा बांध फोडला आणि पुढची सातशे वर्षं ती दक्षिणेला ह्वायच्या पात्रात घुसून राहिली. तिच्या पाण्यात गाळ किती ते नावातच आहे. ह्वायआनजवळ छिंगकौ इथे पीत नदी, ह्वाय आणि कालवा एकत्र यायचे, आणि तिथला गाळ काढण्यात मिंग आणि त्यानंतरच्या छिंग घराण्याचे खजिने रिते झाले. सोळाव्या शतकात पान चीशुनने निराळी युक्ती केली. पात्र रुंद करण्याऐवजी बांधांनी आवळायचं, म्हणजे पाण्याला वेग येऊन तेच गाळ खरवडून नेईल. शिवाय होंगत्सो सरोवराचं स्वच्छ पाणी उंच धरून त्या गाळावर सोडायचं. युक्ती बराच काळ चालली. पण सरोवराचा बांध वर्षागणिक उंच करत जावा लागला, आणि १८२४ मध्ये तो फुटला. १८२६ मध्ये धान्य शांघायहून समुद्रमार्गे पाठवायची पाळी आली.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या थायपिंग बंडात दक्षिणेची काठची शहरं उद्ध्वस्त झाली. १८५५ मध्ये पीत नदी पुन्हा उत्तरेला वळली आणि शांडोंगमध्ये कालवा मधोमध तोडून गेली. १९०१ मध्ये साऱ्याच्या धान्याची वाहतूक अधिकृतपणे थांबली. १९१२ मध्ये थ्येनचिन ते नानजिंगसमोरच्या फुकौपर्यंत रेल्वे पूर्ण झाली. लिनचिंगसारखी गजबजलेली गावं बघता बघता आडगावं झाली.

आज त्यात पाणी आहे का? बोटी चालतात का?

जिनिंगच्या दक्षिणेला दणक्यात चालतात. ज्यांग्सू प्रांतात कोळसा, वाळू आणि सिमेंटने भरलेल्या बार्जांची रांग तुटत नाही. ‘प्राचीन वारसा’ म्हणून पाहायला गेलेला माणूस डिझेलच्या धुराने खोकत परततो.

जिनिंग ते पीत नदी या भागातलं जुनं पात्र बरंचसं कोरडं. त्याच्या उत्तरेला कुठे पाणी, कुठे नुसता खड्डा. एप्रिल २०२२ मध्ये धरणं आणि नद्यांतून पाणी सोडून बीजिंग ते हांगझोऊ पूर्ण लांबीत पाणी जोडलं गेलं, जवळजवळ शंभर वर्षांत पहिल्यांदा. बातमी वाचून अनेकांना वाटलं की आता बोटीने बीजिंगला जाता येईल. तसं नाही. पाणी जोडलं, जलमार्ग नाही. त्यामागे भूजल सावरण्याचाही हेतू आहे.

आणखी एक उलटापालट झाली आहे. यांगत्सेचं पाणी उत्तरेला नेणाऱ्या प्रकल्पाचा पूर्व मार्ग २०१३ पासून चालू आहे आणि तो बराच या जुन्या कालव्यातूनच जातो. १३ टप्प्यांच्या पंपांनी पाणी सुमारे ६५ मीटर उचलतात, मग पीत नदीच्या खालून बोगद्याने पलीकडे. म्हणजे पूर्वी पाणी धान्य वाहत होतं, आता कालवा पाणीच वाहतो.

युनेस्कोने सगळा कालवा वारसा म्हणून घेतला का?

नाही. २२ जून २०१४ रोजी दोह्याच्या बैठकीत नोंद झाली ती निवडक तुकड्यांची: पात्राचे २७ भाग, मिळून १,०११ किलोमीटर, आणि ५८ स्थळं. आठ प्रांत आणि महानगरं त्यात येतात. गोदामं, जकातनाकी, पूल, बंधारे सगळं आहे.

सुरुवात एका पत्राने झाली. २००५ मध्ये नगररचनाकार चंग श्याओश्ये, प्राचीन वास्तूंचे अभ्यासक लुओ चवन आणि कारागीर-कलावंत चू बिंगरन या तिघांनी काठच्या १८ शहरांच्या महापौरांना पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी कालवा राष्ट्रीय संरक्षित यादीत आला. अर्जाचं काम यांगझोऊ शहराने ओढून नेलं.

चालू कालव्याचं जतन करायचं म्हणजे काय करायचं?

इथे खरी पंचाईत आहे. किल्ला जपायचा तर भिंत पडू द्यायची नाही, बस. कालवा मात्र मुळातच सतत बदलत आलाय. काठ खचला की नवा बांधला, गाळ साठला की उपसला. मग ‘मूळ’ कुठलं जपायचं? फुचायचं, कुबलाईचं, की १९५० नंतर रुंद केलेलं?

हांगझोऊचा गोंगचन पूल घ्या. तीन कमानींचा दगडी पूल, १६३१ मध्ये पहिल्यांदा उभा राहिला. त्याच्या कमानीखालून लोखंडी बार्ज जात राहिल्या आणि अधूनमधून खांबांना धडकत राहिल्या. पुढे खांबांसमोर रक्षक खांब उभारले, त्यावर पाणी आवडणाऱ्या पुराणातल्या प्राण्याच्या मूर्ती बसवल्या. शेवटी शहराला वळसा घालणारा नवा जलमार्ग काढला, तो २०२३ मध्ये सुरू झाला, आणि मालवाहू बोटी तिकडे गेल्या. पूल वाचला. पण त्याच्या खालची मालाची रहदारीच नाहीशी झाली, आता पर्यटकांच्या बोटी फिरतात. हा सौदा बरोबर होता, असं मला वाटतं. मात्र तोच न्याय सगळीकडे लावला तर कालव्याचं नुसतं बागेतलं तळं होईल.

काही शहरांनी काठची जुनी घरं पाडून तिथे ‘जुन्या पद्धतीची’ नवी बाजारपेठ बांधली: लाल कंदील, सगळीकडे तीच दुकानं, तीच मिठाई. त्याला जतन म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यापेक्षा सुझोऊच्या फिंगज्यांग गल्लीत पाण्याकडेला कपडे वाळत घातलेले दिसतात, ते बरं.

जमिनीखाली काय सापडलं?

दोनच सांगतो. १९९९ मध्ये आन्हुइ प्रांतात ल्यूत्स इथे रस्त्याच्या कामात सुई काळातल्या कालव्याचं गाडलेलं पात्र लागलं. त्यात आठ तांगकालीन नावा आणि चिनी मातीच्या भांड्यांचा ढीग. वर शेकडो वर्षं गाडीरस्ता चालू होता.

दुसरं लुओयांगचं हानज्या कोठार. कोठार म्हणजे खरं तर पेवंच, आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखी, फक्त प्रचंड. २८७ पेवं मोजली गेली. एका पेवात धान्य काळं पडून कोळसा झालेलं, तरी जागच्या जागी होतं, सुमारे २५० टन.

बघायला जायचं तर कुठे?

वेळ कमी असेल तर हांगझोऊ. वूलिनमनहून गोंगचन पुलापर्यंत साधी प्रवासी बोट जाते. फूयी हे १८८० चं धान्यकोठारही जवळच आहे. यांगझोऊत २०२१ मध्ये उघडलेलं महाकालवा संग्रहालय आहे आणि शेजारी सानवान, म्हणजे ‘तीन वळणं’. १५९७ मध्ये सरळ पात्र मुद्दाम वाकडं केलं, म्हणजे पाण्याचा वेग कमी व्हावा. तीन वळणं एका दरवाजाची कामगिरी करतात, असं तिथले लोक म्हणतात.

पण मला विचाराल तर नानवांगला जा. गर्दी नाही. २००८ पासून खणून मोकळा केलेला दगडी काठ, देवळांचे अवशेष, समोर कोरडं पात्र. वन नदी इथे येत नाही आता. काठाच्या दगडांवरून चालत गेलं की पाणी कुठे येऊन आपटत असेल ती जागा कळते, आणि तिथे उभं राहून एका हाताला बीजिंग, दुसऱ्या हाताला हांगझोऊ असं बोट दाखवता येतं.